रणगाडा घरी आणायचा म्हटला तर

वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला लोखंडी साखळीवर चालणारं यंत्र नवं नाही. तलावातला गाळ काढायला, नाला खोल करायला, विहिरीच्या काठचा मलबा उपसायला पोकलेन येते, ती त्याने जवळून पाहिलेली असते. ती गावात येते ट्रेलरवर बसून. स्वतःच्या साखळीवर ती वाशीमहून रिसोडला कधी जात नाही. डांबरी रस्ता आडवा ओलांडायचाच झाला, तर चालक आधी खाली जुने टायर टाकायला लावतो. काम संपलं की पुन्हा ट्रेलर. लष्करी रणगाड्याच्या मालकीचं निम्मं शास्त्र एवढ्या निरीक्षणात येऊन जातं, आणि बाकीचं निम्मं कायद्याच्या पुस्तकात आहे.

ब्रिटन, अमेरिका, चेक प्रजासत्ताक अशा देशांत जुने रणगाडे, चिलखती वाहनं, लष्करी साखळीगाड्या खासगी माणसं विकत घेतात, दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात पळवतात. त्यांची चित्रफीत पाहून आपल्याकडच्याही एखाद्या पोराच्या मनात येतं, की आपल्याला मिळेल का? याचं छोटं उत्तर ‘नाही’ असं आहे. लांबचं उत्तर मात्र जास्त मजेचं आहे, कारण खासगी माणसाला न मिळणारा रणगाडा नगरपालिकेला, महाविद्यालयाला, सैनिकी शाळेला मिळू शकतो. आणि मिळाल्यावर त्या संस्थेपुढे तेच प्रश्न उभे राहतात, जे इंग्लंडातल्या हौशी मालकापुढे असतात.

आधी साखळीबद्दल. ही वस्तू युद्धासाठी जन्मली, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची नदीमुखाची जमीन इतकी भुसभुशीत होती की वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तिच्यात रुतत. चाकं रुंद करत नेली, तरी भागेना. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने १९०४ साली मागची चाकं काढून तिथे फिरते पट्टे बसवून पाहिले, आणि ट्रॅक्टर मातीवर तरंगल्यासारखा चालला. पहिल्या महायुद्धात होल्टचे ट्रॅक्टर ब्रिटिशांच्या जड तोफा ओढू लागले. ते पाहून चिखल आणि खंदक ओलांडणाऱ्या चिलखती गाडीची कल्पना पुढे सरकली, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पहिले रणगाडे उतरले. म्हणजे साखळी शेतातून रणांगणावर गेली.

ती परतही आली, आणि हा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने भारताच्या पूर्व भागात रस्ते आणि विमानतळ बांधायला आणलेली यंत्रसामग्री मागेच सोडली. त्यातले जुने साखळी-ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारच्या शेती खात्याने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. काम एकच, कांस गवताने गिळलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणायची. कांसाच्या मुळ्या इतक्या खोल जातात की बैलाच्या नांगराने वरचं गवत निघतं आणि पुढच्या पावसात ते पुन्हा उभं राहतं. उन्हाळ्यात जमीन खोल उलथून मुळ्या वाळवणं हाच उपाय, आणि त्याला तेवढ्या ताकदीचं यंत्र हवं. सागर, होशंगाबाद, भोपाळ या पट्ट्यात हे काम चाललं. जुन्या यंत्रांनी भागेना म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला याच कामाच्या नव्या ट्रॅक्टरांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. स्वतंत्र भारताला त्या बँकेकडून मिळालेलं ते दुसरं कर्ज. पहिलं, त्याच वर्षीचं, रेल्वेसाठी होतं. त्या काळी वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि अकोला जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे सागर आणि वाशीम या दोघांचीही राजधानी नागपूरच.

याच सुमारास ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत, टांगानिकात, भुईमुगाची अवाढव्य योजना काढली. ट्रॅक्टर मिळेनात, म्हणून व्हिकर्स कंपनीने युद्धातले शर्मन रणगाडे बुरूज काढून ट्रॅक्टर म्हणून बांधून दिले आणि त्यांना ‘शर्विक’ असं जोडनाव दिलं. योजना १९५१ साली गुंडाळावी लागली. रणगाडा नांगराला जुंपता येतो. परवडत नाही, एवढंच.

आता वजन आणि माती. वाशीमकरांना हा विषय समजावून सांगायची गरज कमी, कारण मृग बरसल्यानंतर काळ्या जमिनीत चारचाकी नेण्याचा प्रयोग बऱ्याच जणांनी एकदा करून पाहिलेला असतो. टी-५५ हा सोव्हिएत बनावटीचा रणगाडा घेऊ. आपल्या सैन्यात तो साठच्या दशकापासून कित्येक वर्षं होता, आणि गावोगावच्या चौकांत आज दिसणाऱ्या रणगाड्यांत त्याचा आणि भारतात बनलेल्या विजयंताचा भरणा मोठा आहे. वजन ३६ टन. एका साखळीची रुंदी ५८ सेंटीमीटर आणि जमिनीला टेकलेली लांबी साधारण ३८४ सेंटीमीटर. दोन साखळ्यांचं क्षेत्रफळ काढलं की सुमारे ४४,५०० चौरस सेंटीमीटर होतं. ३६,००० किलोला त्याने भागा. उत्तर येतं दर चौरस सेंटीमीटरला ०.८१ किलो. भरलेल्या ट्रकच्या टायरखाली हाच दाब ७ किलोच्या आसपास असतो. बैल उभा असला तरी त्याच्या खुराखालचा दाब रणगाड्यापेक्षा जास्त भरतो, कारण सगळं वजन चार छोट्या खुरांवर. सत्तर किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा त्याच्या तळव्याखाली ०.३५ च्या आसपास दाब पडतो. म्हणजे ३६ टनांचं धूड जमिनीला चालत्या माणसाच्या सव्वादोन-अडीच पट जाणवतं, इतकंच.

हे गणित ऐकून रणगाडा कुठेही जातो असं वाटेल. ०.८१ ही सरासरी आहे. साखळी म्हणजे ताठ फळी नव्हे, कड्यांची माळ आहे. वजन प्रत्यक्षात वरच्या चाकांखाली एकवटतं आणि दोन चाकांच्या मधल्या कड्या जवळजवळ आरामात असतात. शिवाय रणगाडा वळतो कसा, तर एका बाजूची साखळी मंद करून किंवा थांबवून. दुसरी बाजू त्याला रेटते आणि सगळा पट्टा आडवा घसटत जातो. सरळ चालताना न रुतणारा रणगाडा वळताना जमीन नांगरून स्वतःलाच गाडून घेतो. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तरला हेच झालं. भारतीय सैन्याने पाणी सोडून उसाची शेतं भिजवली, आणि पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे त्या दलदलीत वळायला गेले. कितीतरी तिथेच अडकले, काही तर चालकांनी जशाच्या तसे सोडून दिले. जिंकलेले पॅटन ओळीने मांडून ठेवले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

उलट उदाहरण १९७१ चं. पूर्व बंगालच्या पाणथळ मुलखात ४५ कॅव्हलरीकडे पीटी-७६ हे हलके रणगाडे होते. वजन १४ टनांच्या थोडं वर, दाब ०.४८, आणि पाण्यात सोडला तर मागच्या दोन फवाऱ्यांच्या जोरावर ताशी १० किलोमीटर पोहतो. २१ नोव्हेंबरला गरीबपूरला या हलक्या गाड्यांनी पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांची तुकडी मोडून काढली. त्या दिवशीची जिगर आणि डावपेच मोजपट्टीत मावणारे नाहीत, पण त्या मातीवर त्यांना हलता येत होतं ही गोष्ट छोटी नव्हती.

रणगाडा हौसेने बाळगणारा माणूस सगळ्यात जास्त वेळ याच साखळीपाशी घालवतो, तोफेपाशी नव्हे. टी-५५ च्या एका बाजूला जुन्या पद्धतीच्या साखळीत ९० कड्या असतात. कडीत कडी अडकवून मधून पोलादी पिन घातलेली. या पिनेभोवती रबर नाही. पोलादावर पोलाद घासतं. वाळू आणि पाणी मिळाल्यावर ती घासण झपाट्याने वाढते, पिन बारीक होते, भोक मोठं होतं, साखळी लांबत जाते. पुढच्या टोकाचं चाक सरकवून ताण द्यायचा असतो; तो देऊन देऊन संपला की एक कडी काढून टाकायची. ढिली साखळी वळताना मागच्या दातेरी चाकावरून उतरते. रुळावरून घसरलेला डबा बरा, त्याच्या मदतीला रेल्वे येते. शेतात साखळी उतरली की मालक आणि त्याचे दोन मित्र पहारी घेऊन दिवसभर तिथेच.

आत बसायचं तर सुकाणू नाही. चालकाच्या दोन्ही हातांना दोन दांडे. एक ओढला की त्या बाजूची साखळी मंदावते, आणखी ओढला की थांबते. इंजिन १२ सिलिंडरचं डिझेल, ५८० अश्वशक्तीचं, आणि त्याचं मूळ १९३९ च्या सुमारास खारकोव्हला तयार झालेल्या टी-३४ च्या इंजिनात आहे. ते सुरू करण्यासाठी विजेच्या स्टार्टरबरोबर दाबाच्या हवेचीही सोय दिलेली, कारण रशियन थंडीत बॅटरीचा भरवसा नसतो. आतल्या आणि बाहेरच्या टाक्या मिळून ९६० लिटर डिझेल, आणि त्यावर रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. किलोमीटरला जवळपास दोन लिटर. वाशीम ते मंगरुळपीर या चाळीसेक किलोमीटरांना ऐंशी लिटरच्या आसपास डिझेल गेलं, आणि रस्त्याची दुरुस्ती वेगळी. साखळी काही हजार किलोमीटरांत मोडीत निघते, हे वेगळं.

म्हणून शहाणे संग्राहक टी-५५ ने सुरुवात करत नाहीत. ब्रिटिशांची युनिव्हर्सल कॅरियर ही उघडी, सुमारे चार टनांची, फोर्डच्या आठ सिलिंडर इंजिनाची साखळीगाडी नवशिक्याला पेलते. दुसऱ्या महायुद्धात तिच्या लाखाहून जास्त प्रती निघाल्या. जगातलं सर्वाधिक बनलेलं चिलखती लढाऊ वाहन तेच. तिला चक्क सुकाणू आहे. थोडं फिरवलं तर साखळीच किंचित वाकते आणि गाडी हलकं वळण घेते, जास्त फिरवलं तर एका बाजूचा ब्रेक लागतो. दुसरी लोकप्रिय निवड ब्रिटिश सैन्याने साठच्या दशकात घेतलेली एफव्ही-४३२, पायदळ वाहून नेणारी १५ टनांची पेटी. तिला तोफच नाही, त्यामुळे कागदपत्रांची कटकट कमी. ब्रिटनमध्ये वाहन परवान्यात साखळीगाडीसाठी ‘एच’ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. परवाना काढा, विमा उतरवा, रस्ता खराब होऊ नये म्हणून कड्यांवर रबरी गाद्या बसवा, आणि चला.

हा बाजार एवढा भरला कसा, हेही पाहण्यासारखं आहे. टी-५४ आणि टी-५५ मिळून जगात सगळ्यात जास्त बनलेले रणगाडे. अंदाज एक लाखापर्यंत जातात. नोव्हेंबर १९९० मध्ये पॅरिसला युरोपातल्या पारंपरिक शस्त्रांवर मर्यादा घालणारा करार झाला आणि दोन्ही गटांना प्रत्येकी २०,००० रणगाड्यांची कमाल मर्यादा पडली. पूर्व युरोपात हजारो रणगाडे एकदम फालतू झाले. बरेच कापले गेले, काही संग्रहालयांत गेले, आणि काही तोफ निकामी करून हौशी लोकांच्या गोठ्यात.

गोठ्यात गेलेल्यांच्या गोष्टी मात्र ऐकाव्यात. २०१७ साली इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एका संग्राहकाने एक लष्करी ट्रक आणि एक स्वयंचलित तोफगाडी देऊन बदल्यात चिनी बनावटीचा टाइप-६९ रणगाडा घेतला. आत मशिनगनच्या गोळ्या सापडल्या, म्हणून आणखी काही शस्त्रं निघाली तर पुरावा असावा या हेतूने चित्रीकरण करत त्याने डिझेलची टाकी उघडली. आत सोन्याच्या पाच विटा. इराकी सैन्याने कुवेतमधून लुटलेलं ते सोनं असावं, असा तर्क तेव्हा केला गेला. विटा पोलिसांकडे गेल्या.

जर्मनीतली गोष्ट कमी गोड. कील शहराजवळच्या हायकेनडॉर्फ गावात एका वृद्धाच्या बंगल्याच्या तळघरात दुसऱ्या महायुद्धातला ४५ टनांचा पँथर रणगाडा होता. गावाला ठाऊक होतं; १९७८ च्या हिमवादळात तो माणूस रणगाडा घेऊन फिरल्याची आठवण लोक सांगत. जुलै २०१५ मध्ये सरकारी वकिलांच्या सांगण्यावरून लष्कर आलं. तळघराच्या तोंडातून तो ओढून काढायला वीसेक सैनिकांना जवळपास सगळा दिवस लागला. वाद एवढाच की तो अजून ‘युद्धशस्त्र’ आहे की नुसतं लोखंड. २०२१ मध्ये न्यायालयाने मालकाला १४ महिन्यांची स्थगित शिक्षा आणि अडीच लाख युरोंचा भुर्दंड सुनावला, आणि रणगाडा विकून टाकायला सांगितला. तोवर त्याचं वय चौऱ्याऐंशी होतं.

जगातल्या सगळ्यात मोठ्या खासगी संग्रहांपैकी एक कॅलिफोर्नियात जॅक लिटलफील्ड या धनिकाने जमवला. पोलंडमधल्या एका नदीत बुडालेला पँथर त्याने काढून आणवला आणि त्याची अनेक वर्षं दुरुस्ती केली. २००९ साली तो गेला. संग्रह सांभाळणं त्याच्या संस्थेला पेलेना, तेव्हा तो दुसऱ्या एका प्रतिष्ठानाला दिला गेला, आणि जुलै २०१४ मध्ये त्यातल्या बहुतेक गाड्यांचा लिलाव झाला. सव्वाशेच्या आसपास गाड्यांचे एक कोटी डॉलरच्या थोडे वर आले. रणगाड्यांच्या मानाने ही रक्कम काही फार नाही. त्यांचा खरा पैसा शेड, क्रेन, कारागीर आणि सुटे भाग यांत जिरलेला असतो, आणि तो लिलावात परत मिळत नाही.

आता आपल्याकडे. भारतात खासगी मालकीला आडवी येणारी पहिली गोष्ट म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा. त्यात ‘प्रतिबंधित शस्त्रं’ या व्याख्येत तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रं नाव घेऊन घातली आहेत. एवढ्यावर थांबलेलं नाही. बंदुकीच्या व्याख्येत तोफ वाहण्याची, बसवण्याची आणि चालवण्याची साधनंही येतात. तेव्हा तोफ काढून नुसता गाडा ठेवला तरी सुटका झाली असं समजू नये. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय प्रतिबंधित शस्त्र जवळ ठेवलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांची कैद आहे. परदेशातून आणू म्हणाल तर सीमाशुल्काच्या जागतिक वर्गवारीत रणगाड्यांना ८७१० हा स्वतःचा क्रमांक आहे, आणि त्यापुढे शस्त्र बसवलेलं असो वा नसो, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जर्मनीत ज्यावर वाद झाला ती पळवाट तिथे आधीच बुजवलेली.

समजा ते सगळं पार पडलं, तरी वाशीमच्या परिवहन कार्यालयात एमएच-३७ चा क्रमांक कसा मिळणार? जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या हौशी वाहनांसाठी वेगळे नियम केले. वाहन ५० वर्षांहून जुनं हवं, मूळ रूपात हवं. नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरण ५,००० रुपये, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. पण हे नियम दुचाकी आणि चारचाकीसाठी आहेत. टी-५५ ला रस्त्यावर टेकणारं एकही चाक नाही. जी दहा आहेत ती साखळीवरून धावतात. नियम करणाऱ्यांनी रणगाड्याचा विचार केला नाही याबद्दल त्यांना दोष द्यावा असं मला तरी वाटत नाही.

ज्याला लष्करी गाडीची खरीच खाज आहे, त्याच्यासाठी वाट चाकांची आहे. युद्धानंतर विलीज आणि फोर्डच्या जीपा लष्करी साठ्यातून बाहेर आल्या आणि देशभर शेतावर, डोंगरात, निवडणुकीच्या प्रचारात धावल्या. पुढे जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्याने १९६९ ते १९९९ जोंगा बनली, त्याआधीपासून मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक. सैन्याने मोडीत काढल्यावर ही वाहनं लिलावात जातात. आता सरकारी मोडीचा लिलाव बहुतेक एमएसटीसी या केंद्रीय कंपनीच्या ऑनलाइन मंचावरून होतो. ट्रक किंवा जोंगा कागदपत्रांसकट घेऊन नागरी क्रमांक काढता येतो. रणगाडा त्या यादीत दिसला, तर तो वाहन म्हणून नव्हे, कापलेलं लोखंड म्हणून.

उरतो तिसरा मार्ग, संस्थेचा. निवृत्त रणगाडा स्मारक म्हणून देण्याची सैन्याची जुनी प्रथा आहे. नगरपालिका, विद्यापीठ, शाळा अर्ज करते. मंजुरी लष्कराच्या मुख्यालयाकडून येते. वस्तूची किंमत घेतली जात नाही, मात्र नेण्याचा आणि बसवण्याचा खर्च घेणाऱ्याचा. देण्याआधी तोफेचा मागचा बंद काढतात, नळी निकामी करतात, दुर्बिणी आणि रेडिओ उतरवतात. झाकणं बऱ्याचदा वेल्डिंग करून बंद करतात, आणि तेच बरं, नाहीतर दुसऱ्या दिवशी शाळेतली अर्धी पोरं आत सापडतील.

वाशीमसारख्या जिल्ह्यातल्या संस्थेने असा अर्ज करायचं ठरवलं, तर मला त्यांना अर्ज करण्याआधी एकदा नगरला जायला सांगावंसं वाटतं. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, इथे १९४८ पासून चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. यांत्रिक पायदळाचं केंद्रही तिथेच, आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू झालं. पन्नासेक गाड्या उघड्यावर उभ्या आहेत. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे, दुसऱ्या महायुद्धातले माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत, जपान्यांचा चिमुकला टाइप-९५ आहे, त्याच्या शेजारी उभं राहिलं की त्यात माणसं बसत कशी हा प्रश्न पडतो. असल उत्तरला समोरासमोर आलेल्या जातीचे सेंच्युरियन, एएमएक्स-१३ आणि पॅटन एकाच आवारात आहेत. आवडीला सुरुवात पॅटनपासून होते, पण अभ्यासाला विजयंतापासून करावी. व्हिकर्सच्या आराखड्यावर मद्रासजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात १९६५ पासून बनलेला तो भारतातला पहिला रणगाडा, आणि संस्थांना मिळतो तोही बहुधा हाच किंवा टी-५५.

नगरला पाहायच्या त्या तोफा नव्हेत. पाहायचं ते चाकांवरचं रबर. उन्हाने ते तडकतं, मग पावसाचं पाणी भेगेत शिरतं. साखळीच्या कड्यांमधला गंज पाहावा. वरून रंगवता येतो, पिनेच्या भोकात ब्रश जात नाही. पोटाखाली वाकून पाहावं. रणगाड्याचं पोट म्हणजे वरून उघडी नसलेली पण कुठूनतरी गळणारी पोलादी टाकी. झाकणाच्या फटीतून, बुरुजाच्या कड्याखालून पाणी आत जातं आणि तळाशी साचतं. तळाला पाणी सोडायची बुचं असतात. रंगकाम करणाऱ्याने ती रंगात बुजवली की आतून गंजायला सुरुवात होते आणि बाहेरून दहा वर्षं काही कळत नाही. साचलेल्या पाण्यात डास होतात, तोफेच्या नळीत गांधीलमाशा घर करतात.

आणण्याचा हिशेबही आधी करावा. टी-५५ ची रुंदी ३.२७ मीटर, रस्त्यावरच्या मालवाहू गाडीची परवानगी २.६ मीटरपर्यंत. म्हणजे ज्यादा मापाच्या मालाचा वेगळा परवाना लागतो. ट्रेलर आणि ओढणारी गाडी धरून एकूण वजन ५५ टनांच्या कायदेशीर मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे जातं, त्यामुळे वाटेतला प्रत्येक जुना पूल बांधकाम खात्याला विचारावा लागतो. तोफनळी पुढे धरली तर लांबी ९ मीटर, म्हणून ती बहुधा मागे फिरवून बांधतात. उतरवायला ३६ टन उचलणारी क्रेन नाही चालत. क्रेन हात लांब करते तसतशी तिची ताकद घटते, तेव्हा कागदावर शंभर टनांची क्रेन मागवावी लागते आणि तिचं भाडं ट्रेलरपेक्षा जास्त होऊ शकतं.

सगळ्यात मोठा घोटाळा चौथऱ्यात होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसून हातभर भेगा पडतात. दाब ०.८१ च आहे म्हणून चौथरा उथळ बांधला, तर चूक दाबाची होत नाही, हालचालीची होते. माती दरवर्षी वरखाली करते, एक कोपरा जास्त, दुसरा कमी. दोन-तीन पावसाळ्यांत काँक्रीट तडकतं आणि रणगाडा एका अंगाला झुकतो. तो पुन्हा उचलायचा म्हणजे पुन्हा क्रेन. म्हणून पाया काळी माती खणून काढून मुरमापर्यंत न्यावा, खड्डा मुरूम आणि गिट्टीने भरावा, कडेने पाणी वाहून जाईल असा उतार आणि नाली ठेवावी. साखळ्यांखाली दोन स्वतंत्र पट्ट्या थोड्या उंच काढल्या तर कड्यांखाली पाणी थांबत नाही आणि पोटाखाली माणूस सरपटत जाऊ शकतो. उद्घाटनाच्या फोटोत हे काहीच दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात ते शेवटी येतं आणि पहिलं कापलं जातं.

अर्जाबरोबर आणखी एक कागद असावा असं मला वाटतं: दरवर्षी मे महिन्यात, मृगाच्या आधी, त्या गाड्याखाली कोण जाणार याचा. बुचं उघडायची, तारेने भोकं मोकळी करायची, तळातला गाळ काढायचा, कड्यांत जुनं तेल सोडायचं, नळीच्या तोंडाला जाळी आहे का पाहायचं. दोन माणसं, अर्धा दिवस. हे काम उद्यान विभागाकडे द्यावं की वाहन विभागाकडे, यावर नगरपालिकेत वर्षभर फाइल फिरू शकते. वाहन विभागाकडे द्यावं. त्यांच्याकडे पाने असतात, आणि पोकलेनचा एखादा जुना चालक ओळखीचा असतोच. साखळीला हात कुठे घालायचा नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.